मोटारीचा भोंगा आणि अस्तेय

मारेगावात, वणीहून करंजीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन घरे आत, माझ्या दारापुढच्या कडुनिंबाखाली १९९६ सालची एक मारुती ८०० उभी असे. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत २०११ मध्ये संपल्यापासून दर पाच वर्षांनी तिचे कागद नव्याने करून घ्यावे लागतात. दाराचे कुलूप इतके झिजले आहे की दुसऱ्या एखाद्या जुन्या मारुतीची किल्लीही त्याला खुशाल लागावी. आणि विमा म्हणाल तर कायद्याने सक्तीचा तेवढाच, त्रयस्थाच्या नुकसानीचा, म्हणजे उद्या गाडी चोरीस गेली तर मला छदामही मिळावयाचा नाही. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या आळीतून एक मोटारसायकल रात्रीत नाहीशी झाली, तेव्हा पुण्याच्या चिरंजीवांनी फोनवरून हुकूमच सोडला, की बाबा, गाडीला अलार्म बसवून घ्या. वस्तू क्षुल्लक, हुकूम साधा. परंतु त्याची तामिली करू लागलो तेव्हा एका जुन्या धर्मप्रश्नात माझा पाय अडकला आणि तो सोडविण्यात दोन महिने गेले.

वणीच्या वायरमनने माझ्यापुढे तीन गोष्टी मांडल्या. पहिली, किल्लीला लटकणाऱ्या बटणावर चालणारा भोंगा, जो गाडीला धक्का बसताच ओरडतो. दुसरी, गिअरच्या दांड्याला अडकविण्याचे लोखंडी कुलूप. तिसरी, ज्याला या धंद्यात सर्वत्र ‘चोर स्विच’ म्हणतात तो, म्हणजे इग्निशनच्या तारेत कोठेतरी दडवून ठेवलेली एक कळ, जी बंद असली की किल्ली कितीही फिरविली तरी इंजिन ढिम्म राहते. (चोराविरुद्ध योजलेल्या उपायालाच चोराचे नाव मिळावे, ही मिस्त्रीलोकांची थट्टा मला मोठी मार्मिक वाटली.) अशा गाडीला भोंगा फारसा सोसत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. ते यंत्र झोपेत असतानादेखील वीस-एक मिलिअँपिअर विद्युत पीत राहते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे अर्धा अँपिअर-तास. आणि या गाडीची बॅटरीच मुळी बत्तीस-पस्तीस अँपिअर-तासांची असल्यामुळे, कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी महिनाभर हलली नाही तर निम्मी बॅटरी राखणदारानेच खाऊन टाकलेली असायची.

घरी परतताना विचार आला तो मात्र विजेचा नव्हता. आपण ज्याला अस्तेय म्हणतो ते चोरी न करण्याचे व्रत नेमके कोणासाठी आहे? पतंजलींच्या पाच यमांत ते आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या प्रार्थनेत रोज म्हटल्या जाणाऱ्या एकादश व्रतांतही ते आहे. आता आश्रमात पहाटे उठून सूत कातणारी माणसे काही रात्री कोणाचे घर फोडणारी नव्हेत. मग त्यांनी हे व्रत घ्यावयाचे कशाला? गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना जी पत्रे लिहिली, त्यांत याचा खुलासा आहे. ज्या वस्तूची आपल्याला खरोखर गरज नाही ती घेणे, मग ती देणाऱ्याच्या परवानगीने घेतलेली का असेना, हीही चोरीच, असे त्यांचे प्रतिपादन होते. छांदोग्य उपनिषदातील अश्वपती कैकेय राजाने आपल्या दारी आलेल्या गृहस्थांना आपल्या राज्याची ग्वाही दिली, ती माझ्या जनपदात चोर नाही आणि कृपणही नाही अशी दुहेरी आहे. राजाने दोघांना एका दमात, शेजारी शेजारी उभे केले, यातच सर्व आले. चोर हा मालकाच्या पाठीमागून चालणारी त्याचीच सावली असतो, असे म्हणावेसे वाटते. पण वाक्य आकर्षक झाले म्हणून ते खरे ठरत नाही. माझ्या अठ्ठावीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीत संग्रह कसला आला? दवाखान्यात जाण्यापुरती आणि शेतावर चक्कर टाकण्यापुरतीच ती आहे. तेव्हा अपरिग्रहाच्या नावाखाली कुलूपच लावू नये, हा निष्कर्ष मी नाकारला.

या मताच्या विरुद्ध एक सबंध गावच साक्षीला उभे राहते, हे मला ठाऊक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे घरांना दारे नसत, कुलपे नसत. तेथे चोरी करणाऱ्याला शनिदेव शासन करतो ही श्रद्धा. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने तेथे शाखा उघडली तेव्हा ती ‘बिनकुलपाची शाखा’ म्हणून गाजली, तरी तिच्या काचेच्या दाराला दूरनियंत्रणाने चालणारे, सहज न दिसणारे विद्युतचुंबकीय कुलूप होतेच. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, एका भाविकाच्या वाहनातून पस्तीस हजारांचा ऐवज गेल्याची फिर्याद झाली होती; आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले. ही हकीकत श्रद्धेची टवाळी म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यांत सामील व्हावयाचे नाही. मला एवढेच दिसते, की शिंगणापुरातही भोंगा होताच; तो गाडीत न बसविता माणसाच्या काळजात बसविलेला होता, आणि ज्याच्या काळजात तो बसविलेला नव्हता असा परका मनुष्य आला तेव्हा तो वाजला नाही. भयाने पाळलेले अस्तेय हद्दीपलीकडे टिकत नाही.

आपल्या जुन्या व्यवस्थेचा भरवसा मात्र भयावर कमी आणि जबाबदारीवर अधिक होता. चोर सापडला नाही तर गेलेले धन राजाने स्वतःच्या कोशातून भरून द्यावे, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते. गावगाड्यातील जागल्याने चोराच्या पावलांचा माग पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यावयाचा आणि तेथील जागल्याच्या स्वाधीन करावयाचा. माग ज्या गावात थांबेल त्या गावाने नुकसान भरावयाचे. म्हणजे माझा बैल गेला तर तो साऱ्या गावाचा गेला. राष्ट्रसंतांच्या ‘ग्रामगीते’त ग्रामरक्षणावर स्वतंत्र अध्याय आहे, तो याच परंपरेतून आलेला. आजचा कायदा चोरीची व्याख्या करताना ‘ताब्या’तून संमतीवाचून वस्तू हलविण्याचा विचार करतो, परंतु हा ताबा दिवसा मी सांभाळतो, आणि रात्री, मी घोरत असताना, तो कोण सांभाळतो? ज्याला झोप नाही तो समोरचा म्हातारा, ओट्यावरची कुत्री, पहाटे पाण्याला उठणारी बाई. माझी मालकी रोज रात्री सहा-सात तास त्यांच्याकडे अनामत असते आणि त्याचा मोबदला मी कधी दिलेला नाही.

हा विचार परिपक्व होण्यापूर्वीच, खरे सांगावयाचे तर, मी भोंगा बसवून घेतला होता. वायरमनने नको म्हटले होते, चिरंजीवांनी हवा म्हटले होते, पितृहृदय हरले. वणीच्या खाणींतून कोळसा घेऊन येणारा ट्रक रस्त्याने गेला की तो ओरडे. वारा सुटून निंबाची डहाळी टपावर पडली की ओरडे. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तो चारदा ओरडला, आणि सकाळी समोरचे काकाजी फाटकाशी येऊन उभे राहिले.

“गुरुजी, तुमच्या गाडीले कोणी नेत नाही,” ते म्हणाले. “पण माह्या घरची झोप तं रोजच चालली ना!”

मी खजील झालो. महाभारताच्या शांतिपर्वातील शंख आणि लिखित या दोन भावांची कथा मी कैक वर्षे मुलांना शिकविली होती. लिखिताने भावाच्या आश्रमातील फळे, भावाचीच तर आहेत, अशा समजुतीने न विचारता खाल्ली. शंखाने त्याला ही चोरी आहे असे सांगून शासनासाठी सुद्युम्न राजाकडे धाडले, आणि राजाने त्याचे हात तोडविले. शेजारी आपलाच, असे म्हणत मी काकाजींची झोप न विचारता घेत होतो. झोप ही जंगम मालमत्ता नसल्यामुळे माझ्यावर कोणी फिर्याद करू शकत नव्हते, एवढाच लिखितात आणि माझ्यात फरक.

त्याच दिवशी वणीला जाऊन भोंगा काढून घेतला. गिअरला लोखंडी कुलूप लावले आणि चोर स्विच बसवून घेतला. दोन्ही मुकाट्याने काम करतात आणि बॅटरीचा थेंबही पीत नाहीत. गाडी आता निंबाखालून सरकवून रस्त्याच्या पलीकडे, काकाजींच्या खिडकीखाली उभी करतो. त्यासाठी त्यांच्याकडे रीतसर परवानगी मागितली, तेव्हा त्यांना हसू आवरेना. कळ कोठे दडविली आहे हे पुण्याच्या चिरंजीवांनाही सांगितलेले नाही. काकाजींना मात्र ठाऊक आहे.