‘घाबरू नका, तो काही करत नाही’



आजचा श्लोक गीतेच्या बाराव्या अध्यायातला, पंधरावा. आपला लाडका भक्त कसा असतो, हे भगवंत सांगताहेत. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग यांतून जो सुटला आहे, तो मला प्रिय, असं ते म्हणतात.

गंमत बघा, हा श्लोक वाचला की आपलं मन थेट दुसऱ्या भागावर उडी मारतं. लोकांचा त्रास करून घ्यायचा नाही, शांत राहायचं, बॉस ओरडला तरी हसत राहायचं. याच्यावर रील्सही भरपूर आहेत. पण श्लोकात तो भाग दुसरा आहे. पहिला भाग असा की माझ्यामुळे दुसऱ्याला उद्वेग व्हायला नको. आज त्याबद्दल बोलू, आणि उदाहरण घेऊ अगदी रोजचं : बागेत, मैदानावर, टेकडीवर पट्टा न लावता मोकळा सोडलेला पाळीव कुत्रा.

हसू नका. देवळाली कॅम्पात सकाळी फिरायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. हे गावच मुळी हवेसाठी आणि चालण्यासाठी वसल्यासारखं आहे. जुने पारशी बंगले, सॅनेटोरियम, लॅम रोडच्या बाजूच्या धर्मशाळा, निवृत्त फौजी मंडळी. मुंबईहून आजी-आजोबा इथे चार दिवस मोकळा श्वास घ्यायला येतात. आनंद रोडच्या मैदानावर पोरं धावतात, खंडोबाच्या टेकडीवर लोक दर्शन आणि व्यायाम एकाच फेरीत उरकतात. अशा वेळी समोरून तीस किलोचा लॅब्रॅडॉर झेपावत येतो. आजी जागच्या जागी थिजतात, हातातली काठी उचलायची की टेकायची तेच कळत नाही. आणि चाळीस फुटांवरून, फोनवरचं बोलणं न थांबवता, एक आवाज येतो : ‘घाबरू नका, तो काही करत नाही!’

या एका वाक्यावर मला आज थांबायचंय.

वाक्य खोटं असेल असं नाही. बहुतेक वेळा कुत्रा खरंच काही करत नाही, शेपटी हलवून निघून जातो. पण ‘करणं’ म्हणजे फक्त चावणं, हे कुणी ठरवलं? ज्या आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांच्यासाठी कुत्र्याने नुसते दोन पाय अंगावर टाकणं पुरेसं आहे. लहानपणी ज्याला कुत्रा चावलाय, त्याच्यासाठी नुसतं धावत येणं पुरेसं आहे.

इथे ‘उद्वेग’ हा शब्द नीट बघण्यासारखा आहे. आज आपण उद्वेग म्हणजे वैताग, मनस्ताप असं समजतो. पण तो ज्या ‘विज्’ धातूपासून आला, त्याचा अर्थ पाणिनीय धातुपाठात भिणं आणि हलणं असा दिलाय. भिऊन दचकणं, अंग मागे घेणं. आजींचं ते थिजणं, काठीवरची मूठ आवळणं, हाच शब्दशः उद्वेग. चावा नंतरची गोष्ट. श्लोकाचा पहिला भाग त्या दचकण्यापाशीच मोडलेला असतो.

आणि ‘घाबरू नका’ हे कुणी म्हणायचं? आपल्या मूर्तींमध्ये एक हात वर करून देव हेच तर म्हणत असतो, अभय देत असतो. पण तो ते म्हणून लांब उभा राहत नाही. प्रल्हादाची गोष्ट आठवा. अभय देणारा मध्ये येऊन उभा राहतो, धोका त्याच्या हातात असतो. ज्याच्या हातात दोरी नाही आणि ज्याची हाक कुत्रा ऐकत नाही, त्याने ‘घाबरू नका’ म्हणणं ही फक्त सूचना झाली. तीसुद्धा चुकीच्या माणसाला. सूचना खरं तर कुत्र्याला द्यायची होती.

ज्ञानेश्वर माउलींनी या श्लोकावर दिलेला दृष्टांत मला फार आवडतो. समुद्र केवढा, त्याची गर्जना केवढी, पण त्यात राहणारे जलचर त्याला घाबरत नाहीत आणि समुद्रालाही जलचरांचा कंटाळा येत नाही. म्हणजे मोठं असू नये, ताकद असू नये, असं माउली म्हणत नाहीत. ताकद असूनही जवळच्या लहानातल्या लहान जिवाला भीती वाटू नये, असं म्हणतात. तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना तर ते चालण्याबद्दलच बोलतात : अहिंसक माणूस कसा चालतो, तर बगळा लाटेला धक्का न लावता पाण्यात पाय टाकतो तसा, भुंगा केसर चुरगळेल या भीतीने कमळावर हलके पाय ठेवतो तसा. सार्वजनिक वाटेवर कसं वावरावं, याचं याहून सुंदर वर्णन मी तरी वाचलेलं नाही. आता त्याच वाटेवर आपला मोकळा कुत्रा बघा.

इथे काही जण लगेच पाचव्या अध्यायाचा अठरावा श्लोक काढतात. ज्ञानी माणूस ब्राह्मणात, गायीत, हत्तीत, कुत्र्यात सारखंच तत्त्व पाहतो. मग कुत्र्याला घाबरणारा अज्ञानी नाही का? नामदेव तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले!

धावले, खरंय. पण स्वतः धावले, स्वतःची भाकरी गेली होती. समदृष्टी ही स्वतःला लावायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या अंगावर कुत्रा सोडून ‘आता बघ त्याच्यात देव’ म्हणणं, ही त्याची परीक्षा घेणं झालं, आणि ती घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. रामकृष्ण परमहंस एक गोष्ट सांगायचे. सगळीकडे नारायण आहे असं गुरूने शिकवलं म्हणून एक शिष्य पिसाळलेल्या हत्तीसमोरून हटला नाही. माहूत ‘बाजूला हो’ म्हणून ओरडत होता. हत्तीने त्याला उचलून आपटलं. गुरू म्हणाले, बाळा, हत्ती नारायण होता हे बरोबर, पण माहूतही नारायणच होता, त्याचं का ऐकलं नाहीस? आमच्या बागांमधली पंचाईत अशी की इथला माहूत-नारायण ‘बाजूला हो’ म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘हत्ती काही करत नाही.’

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याशिवाय स्वर्गात जायला नकार देतो. श्वानप्रेमी मित्रांना ही कथा फार जवळची वाटते, आणि ती आहेच तशी. (तिथे पट्टा नव्हता हे मान्य. पण तिथे जॉगिंग ट्रॅकही नव्हता.) मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. युधिष्ठिराच्या प्रेमाची किंमत कोण भरायला तयार होता? स्वतः युधिष्ठिर. समोरचा स्वर्ग तो सोडायला निघाला होता. आपल्या कुत्र्यावरच्या प्रेमाची किंमत मात्र अनेकदा अनोळखी माणूस भरतो, घाबरून, वाट बदलून, काही जण तर फिरायला येणंच बंद करून. प्रेम आपलं आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, असं होतं.

आणि पट्टा म्हणजे कुत्र्यावर अन्याय, हेही मला पटत नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. कबीर स्वतःला रामाचा कुत्रा म्हणतो आणि गळ्यातली रामाची दोरी अभिमानाने मिरवतो. आपल्या भक्तिपरंपरेत गळ्यातली दोरी म्हणजे ‘मी कुणाचा तरी आहे’ याची खूण. तिचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय, एवढाच तिचा अर्थ.

देवळालीत तर ती दोरी कुत्र्याच्याच जिवासाठी हवी. दारणेच्या पट्ट्यात बिबट्या आहे, आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य आहे. पहाटे अंधारात टेकडीच्या झुडपात मोकळा सोडलेला कुत्रा परत येईलच याची खात्री कुणी देऊ नये. शिवाय पाळीव कुत्रा गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दीत घुसतो, भांडण होतं, आणि मग दगड कुणाला बसतात? ज्याचा मालक नाही त्याला.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण ‘धर्म वेगळा आणि नियम वेगळा’ म्हणायची आपल्याला सवय आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ शकेल अशी बेपर्वाई केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्यात तर कुत्र्यांची नोंदणी आणि नियंत्रण यासाठी वेगळी तरतूद आहे.

आता श्लोकाचा दुसरा भाग, म्हणजे आपण घाबरणारे. भगवंतांच्या यादीत ‘अमर्ष’ आहे, म्हणजे सहन न होऊन येणारा संताप. कुत्र्याने दचकवलं की तो संताप हमखास येतो, आणि तो मालकावर काढणं अवघड असल्याने कुत्र्यावर निघतो. महाभारताच्या सुरुवातीलाच याची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात देवांच्या कुत्रीचा, सरमेचा, मुलगा आला. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारलं. तो रडत आईकडे गेला, म्हणाला, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. सरमा यज्ञात आली आणि तिने विचारलं, याने काय केलं म्हणून मारलंत? कुणाकडेच उत्तर नव्हतं. तिने शाप दिला : न दिसणारं भय तुमच्यावर येईल. ज्या ग्रंथाच्या शेवटी कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला जातो, त्याच्या आरंभी निरपराध कुत्र्याला मारल्याबद्दल राजाला जाब विचारला जातो. काठी उगारण्याआधी सरमेचा प्रश्न आठवावा.

मग करायचं काय? कुत्रा धावत आला तर पळू नका, पळणाऱ्यामागे धावणं हा त्याचा स्वभाव आहे. झाडासारखं स्थिर उभं राहा, हात अंगाशी, नजर त्याच्या डोळ्यांत रोखू नका, किंचाळू नका. लहान मुलांना हे घरी खेळ म्हणून शिकवा. चावला किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. ‘पाळीव आहे, इंजेक्शन झालंय’ हे ऐकून घरी बसू नका, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

आणि मालकाशी बोलायला हवं. गप्प राहणं म्हणजे उद्वेग संपणं नाही, तो आत जाऊन बसतो. भांडायची गरज नाही. ‘दादा, मला कुत्र्यांची भीती वाटते, जरा पट्टा लावता का?’ एवढं पुरतं. भीती का वाटते, हे समजावून सांगायला तुम्ही बांधील नाही. कुणी हसलं, ‘एवढं काय’ म्हणालं, तर शांतपणे तेच वाक्य पुन्हा म्हणा. तरीही ऐकत नसतील आणि रोजचंच झालं, तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे लेखी तक्रार द्या. तक्रार करणं म्हणजे भक्तीत उणेपणा, असं गीतेत कुठेही नाही. अर्जुनाला तर सगळी गीताच ‘ऊठ’ म्हणून सांगितली.

कुत्रा पाळणाऱ्या वाचकांचा प्रश्न मला माहीत आहे : मग आमच्या पोराने मोकळं पळायचं कुठे? प्रश्न खरा आहे, कुत्र्याला धावणं लागतंच. देवळालीत अजून कंपाऊंड असलेले बंगले आहेत, ओळखीच्या कुणाचं आवार मागून घ्या. नसेल तर तीस फुटांची लांब दोरी मिळते, मैदानाच्या रिकाम्या कोपऱ्यात तिच्यावर त्याला हवं तेवढं धावू द्या. ‘ये’ म्हटलं की येण्याची सवय घरातच पक्की करा. आणि समोरून कुणी येताना दिसलं की दोरी गुंडाळून आखूड घ्या, वाटेच्या कडेला थांबा, त्यांना आधी जाऊ द्या.

उद्या सोळावा श्लोक. राम कृष्ण हरी.