बोलता वर्ग आणि इंग्रजीचे व्याकरण

संवादी कृतींतून इंग्रजी शिकवायचे म्हणजे व्याकरण बाजूला ठेवायचे, असा समज शाळांत बराच रुजला आहे. तो चुकीचा आहे. वर्गातली कृती व्याकरण शिकवण्यासाठी उपयोगी पडावी, तर तिच्यात दोन गोष्टी असाव्या लागतात. एकाला ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नसावे, म्हणजे विचारण्याची आणि सांगण्याची खरी गरज निर्माण होते. आणि ते विचारताना व सांगताना इंग्रजीची एखादी ठरावीक रचना वापरल्यावाचून गत्यंतर नसावे. पहिली अट नसेल तर नुसती घोकंपट्टी होते. दुसरी नसेल तर मुले हातवारे करून आणि सुटे शब्द फेकून काम उरकतात. व्याकरण जिथल्या तिथे राहते.

महाराष्ट्रात व्याकरणातून इंग्रजी शिकवण्याची मोठी परंपरा आहे. तर्खडकर भाषांतर पाठमाला आणि पुढे रेन व मार्टिन यांचे व्याकरण यांवर अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आधी नियम, मग उदाहरणे, मग भाषांतर, असा तो क्रम. कचेरीतला अर्ज, कोर्टाचे कागद, विलायती ग्रंथ वाचणे यासाठी ते पुरेसे होते, आणि त्या पद्धतीने तयार झालेल्या माणसांचे लेखी इंग्रजी अनेकदा नेमके असे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण शाळेत मुलगा पोचतो तो आता वेगळ्या गरजा घेऊन. २००० साली तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून असे. तरीही दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थी रिकाम्या जागा बिनचूक भरतो, आणि पाहुण्याला ‘तुम्ही कुठे राहता?’ एवढे इंग्रजीत विचारताना मात्र अडतो. नियम त्याला ठाऊक असतो, पण बोलण्याच्या घाईत तो वेळेवर हाताशी येत नाही.

या अडचणीवरचा भारतातला सर्वांत धाडसी प्रयोग दक्षिणेत झाला. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रकल्प चालवला. त्यात व्याकरणाचा अभ्यासक्रम मुद्दाम बाजूला ठेवला होता. मुलांपुढे नकाशे, गाड्यांची वेळापत्रके, हिशेबाची कोडी ठेवली जात. लक्ष उत्तर काढण्यावर असे, आणि भाषा त्या ओघात येईल अशी अपेक्षा होती. १९८५ साली या प्रकल्पाचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. रचनांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शिकलेली मुले साधारणपणे पुढे राहिली, आशय समजून घेण्याच्या व वापरण्याच्या चाचण्यांत प्रकल्पातली मुले. कॅनडात शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकलेल्या मुलांबाबत भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांना असेच काहीसे आढळले होते: समज उत्तम, पण बोलण्यात व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षे तशाच. या दोन्हींतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. संवाद हवाच, पण नुसत्या संवादाने रचना पक्की होत नाही. मुलांचे लक्ष मध्येच थांबवून रचनेकडे वळवावे लागते, आणि ते काम शिक्षकाचे आहे.

सोलापूरसारख्या शहरात हे काम कसे करता येईल, ते पाहण्यासारखे आहे. इथल्या वर्गात एका बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी शेजारी बसलेली सापडतात. मुंबई-चेन्नई मार्गावरचे रेल्वे स्थानक गावातच असल्याने गाड्यांची नावे लहान मुलांनाही पाठ असतात. सातवीच्या वर्गात मुलांच्या जोड्या लावाव्यात. एकाच्या कार्डावर हुतात्मा, सिद्धेश्वर अशा चार-पाच गाड्यांच्या सोलापुराहून सुटण्याच्या वेळा असाव्यात, दुसऱ्याच्या कार्डावर त्याच गाड्यांच्या पुण्याला वा मुंबईला पोचण्याच्या. एकमेकांचे कार्ड पाहायचे नाही; विचारून रिकाम्या जागा भरायच्या, आणि मुंबईला सकाळच्या कामासाठी कोणत्या गाडीने जावे, ते दोघांनी मिळून ठरवायचे.

पहिल्या दोन मिनिटांत ऐकू येते ते असे: ‘व्हॉट टाइम सिद्धेश्वर लीव्ह सोलापूर?’ ही चूक आळसातून येत नाही. मराठीत ‘सिद्धेश्वर सुटते’ याचा प्रश्न करताना फक्त ‘किती वाजता’ घालावे लागते, क्रियापद हलत नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर मराठीत शेवटी ‘का’ येतो, कन्नड व तेलुगूत क्रियापदाच्या शेवटी ‘आ’ लागतो, उर्दूत सुरुवातीला ‘क्या’ येते. प्रश्न करण्यासाठी एक वेगळे साहाय्यक क्रियापद बाहेरून आणायचे आणि ते कर्त्याच्या आधी ठेवायचे, ही चाल या चारही भाषांत नाही. म्हणून ‘डझ’ सुटतो. पुढची चूक आणखी बोलकी आहे: ‘व्हॉट टाइम डझ सिद्धेश्वर लीव्हज?’ इथे मुलाला ‘डझ’ची गरज कळली, पण क्रियापदाचा ‘स’ आता ‘डझ’मध्ये गेला, हे अजून कळलेले नाही. ही चूक प्रगतीची खूण आहे आणि शिक्षकाने ती तशीच ओळखली पाहिजे. नेमक्या याच ठिकाणी कृती थांबवून मुलांचीच तीन-चार वाक्ये फळ्यावर लिहावीत, ‘स’ कुठून कुठे गेला ते बाणाने दाखवावे. हे समजावताना मराठी वापरायला काहीच हरकत नाही; मुलांनाच ‘तुझ्या घरच्या भाषेत हा प्रश्न कसा विचारतात?’ असे विचारले तर फरक लगेच डोळ्यांपुढे येतो. मग पुन्हा कार्डे हातात. आता तोच प्रश्न प्रत्येक जोडी आठ-दहा वेळा विचारते, कारण तिला उत्तर हवे असते.

कर्मणी प्रयोगाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. कर्तरीचे कर्मणी करा, या सरावात ‘राम आंबा खातो’चे ‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’ होते, आणि असे इंग्रजीत कोण कशाला बोलेल, हे मुलाला कधीच कळत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांची पद्मशाली घरे मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या शाळेत चादर कशी तयार होते, हे सांगायला लावावे. सूत रंगवतात, कांड्या भरतात, ताणा तयार करतात, जेकार्डच्या मागावर विणतात, कापून घड्या घालतात. घरी माग असलेल्या मुलाकडून ही माहिती बाकीच्यांनी प्रश्न विचारून काढायची आणि चित्रे क्रमाने लावायची. इथे काम कोण करतो याला महत्त्व नाही, मालाचे काय होते याला आहे; म्हणून ‘द यार्न इज डाइड, द बॉबिन्स आर फिल्ड’ ही रचना आपसूक योग्य ठरते. मराठीत आपण हेच ‘रंगवतात’ अशा कर्ता नसलेल्या वाक्याने साधतो. ‘रंगवले जाते’ बोलण्यात क्वचितच येते. कर्मणीचे रूप मुलांना येत असते, ते केव्हा वापरावे हे येत नसते, आणि ते ‘केव्हा’ केवळ अशा प्रसंगातूनच शिकवता येते. शिवाय विणकराच्या मुलाला वर्गात जाणकाराचे स्थान मिळते, हा लाभ लहान नाही.

शाळेबाहेरचा खरा श्रोता मिळाला तर गरज आणखी तीव्र होते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी ऑनलाइन जोडणारा त्यांचा उपक्रमही गाजला. परदेशातला मुलगा पडद्यावर समोर असेल तर प्रश्न नीट विचारावाच लागतो.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला असला, तरी प्रत्यक्षात अनेक तुकड्या त्याहून मोठ्या असतात, आणि सगळ्या जोड्या एकदम बोलू लागल्या की शेजारच्या वर्गातून तक्रार येते. मुले मध्येच घरच्या भाषेत बोलू लागतात. पण जोडीच्या कामाला बाके हलवावी लागत नाहीत, आणि उत्तराचा तक्ता इंग्रजी वाक्यांतच मागितला की घरच्या भाषेतली चर्चाही शेवटी इंग्रजीकडेच येते. मोठी अडचण शिक्षकाच्या आत्मविश्वासाची आहे: नियम समजावताना तयारी पुरते, मुलांच्या अनपेक्षित वाक्याला जागच्या जागी उत्तर देताना कस लागतो. हा आत्मविश्वास व्याख्याने ऐकून वाढत नाही. केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसून कृती स्वतः करून पाहिल्या, मुले कुठे चुकतील ते आधीच ताडले, तरच वाढतो.

शेवटी शाळा परीक्षेकडे पाहूनच शिकवते. दहावीला इंग्रजीसाठी आता कृतिपत्रिका असते, हा बदल स्वागतार्ह आहे. तरी ती लेखीच. लेखी ८० गुणांशिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्याच हातात असतात. पाठ करून आणलेले भाषण ऐकून ते वाटण्याऐवजी दोघा विद्यार्थ्यांना दोन वेगळी कार्डे द्यावीत, पाच मिनिटे बोलू द्यावे आणि प्रश्नांची रचना कानांनी तपासावी. त्यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. सोलापुरातल्या शाळांनी हे यंदाच्या सत्रापासून सुरू करावे.