दार बंद झाले आहे काय?

बाप मुलाला सांगतो, वर चढ आणि पिल्ले घेऊन ये. मुलगा उंच इमारतीवर चढतो, आधी पक्षिणीला उडवून लावतो, मग पिल्ले उचलतो आणि उतरताना पडून मरतो. यहुद्यांच्या तालमूदमधील ही कथा चार ओळींची. पण ती वाचून आम्हांस पुस्तक मिटावे लागले. आईबापांचा मान राखणे आणि पिल्ले घेताना पक्षिणीला सोडून देणे, या दोन्ही आज्ञांपुढे तोरामध्ये दीर्घायुष्याचे वचन आहे. मुलगा त्या क्षणी दोन्ही पाळत होता.

एका परंपरेनुसार हे पाहूनच एलिशा बेन अबुया हा थोर पंडित श्रद्धेपासून ढळला. त्याच्याच मुलीचा मुलगा रब्बी याकोब याने निराळा अर्थ लावला: ते दीर्घायुष्य या जगातले नव्हेच, पुढल्या जगातले. नातवाचे उत्तर आम्हांस पटते; ते त्या बापाला कोणत्या तोंडाने सांगावे, हे मात्र कळत नाही.

प्रतिफळ आणि शिक्षा यांचा सारा डोलारा मनुष्याच्या स्वातंत्र्यावर उभा आहे, हे मायमोनिडीज (११३८–१२०४) या तत्त्वज्ञाने ठासून सांगितले. कोण सज्जन होणार आणि कोण दुर्जन, हे देवाने आधीच ठरवले असेल तर आज्ञा तरी कशाला द्यायच्या आणि दंड तरी कोणत्या न्यायाने करायचा? मग फारोचे काय? निर्गमात पहिल्या पाच पीडांच्या वेळी त्याचे अंतःकरण कठीण झाले किंवा त्यानेच ते कठीण केले, असे शब्द आहेत. सहाव्या पीडेत मात्र ते परमेश्वराने कठीण केले. मायमोनिडीज म्हणतो, फारोने आपखुशीने इतके पाप केले की पश्चात्तापाची वाट बंद होणे हीच त्याची शिक्षा ठरली. तर्क चोख आहे. पण अंगावर काटा येतो. तोच मायमोनिडीज अन्यत्र सांगतो की, देवाला नाकारणाराही मागे फिरला तर त्याला पुढल्या जगात वाटा आहे.

एलिशाला आपले दार बंद झाल्याची खात्री होती. एका शब्बाथ दिवशी तो नियम मोडून घोड्यावरून चालला होता आणि त्याचा शिष्य रब्बी मेईर, ज्ञान मिळावे म्हणून, मागून पायी येत होता. एलिशा एकाएकी म्हणाला, मेईर, मागे फिर. घोड्याची पावले मोजत आलो आहे, शब्बाथची हद्द येथे संपते. मेईर म्हणाला, गुरुजी, तुम्हीही फिरा. एलिशा उत्तरला, आपण पडद्याआडून ऐकले आहे: सर्वांनी परत यावे, याच्यावाचून.

त्या आवाजावर त्याचा विश्वास होता. मग शिष्याचा शब्बाथ मोडू नये म्हणून तो इतका वेळ पावले कशाला मोजत होता? मेईरने मात्र त्याचा नाद सोडला नाही.