जुनी व्हॅन: तीच की दुसरी?

जुन्या गाडीचा एकेक भाग बदलत गेला, तर शेवटी उरते ती तीच गाडी की दुसरी, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. नांदगाव पेठसारख्या ठिकाणी तो गॅरेजच्या बिलातून समोर येतो. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव. जवळच औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत, औष्णिक वीज प्रकल्प आहे. कामगारांची ने-आण, शाळेची मुले, बाजाराचा माल अशी कामे अशा गावांत जुन्या व्हॅनवर चालतात आणि या व्हॅनमध्ये सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे मारुती ओम्नी.

मारुतीने ही व्हॅन १९८४ मध्ये आणली. ओम्नी हे नाव तिला नंतर मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी वयाने जुनीच, आणि अनेकींनी एकाहून अधिक मालक पाहिलेले. तिची दुखणी तिच्या रचनेतूनच येतात. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेले आहे, तिथे त्याला मोकळा वारा कमी. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. अशा उन्हात रेडिएटर गाळाने चोंदलेला असेल, खालून जाणारा पाण्याचा पाइप गंजून झिरपत असेल किंवा पंखा बंद पडला असेल, तर इंजिन तापते, पाणी उकळते आणि हेड गॅस्केट उडते. मिस्त्री अशा वेळी आधी ऑइलची कांडी ओढून पाहतो. कांडीवरचे ऑइल दुधाळ दिसले की पाणी ऑइलात शिरले हे त्याला कळते. गॅस्केट स्वतः स्वस्त असते. खर्च होतो तो हेड उतरवण्याचा, ते लेथवर नेऊन फेसिंग करण्याचा आणि मजुरीचा, आणि तो काही हजारांत जातो. त्यात पिस्टन रिंगा घासलेल्या निघाल्या, गाडी ऑइल खात असली, तर पुरे इंजिनकाम काढावे लागते. ते वीस-तीस हजारांच्या घरात गेले की कित्येकदा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ येऊन ठेपतो.

क्लच प्लेट, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, जादा माणसे बसवल्याने तुटणारे पाटे, सरकत्या दाराचे रोलर ही नेहमीची कामे. ती वेळेवर केली तर परवडतात. सर्वांत गंभीर दुखणे पत्र्याचे. ओम्नीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो आणि चासी नंबरही त्याच सांगाड्यावर ठोकलेला असतो. वरून पेंट चकचकीत आणि खाली पायदानाचा पत्रा सडलेला, अशी गाडी सेकंड हँड बाजारात सहज खपते. घेणाऱ्याने आधी गाडीखाली वाकून बघावे, मग सीट-कव्हरचे कौतुक करावे.

इंजिन बदलले, गिअरबॉक्स बदलला, दारे बदलली, खालचा पत्रा कापून नवा वेल्ड केला. आता ही गाडी कोणती? ग्रीक लेखक प्लुटार्कने एकेक फळी बदलत गेलेल्या थीसिअसच्या जहाजाबद्दल हाच प्रश्न नोंदवला, आणि पुढे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्सने त्याला फाटा फोडला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कुणी दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? हॉब्सची शंका भंगारच्या बाजारात रोज खरी होते. एका मोडीत निघालेल्या व्हॅनचे इंजिन दुसरीत जाते, तिचे दार तिसरीला लागते.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाची उत्तरे हॉब्सच्या फार आधी शोधली. न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळी असते. पण त्यांचाच नियम असा की कापडातला एक धागा जरी काढला, तरी जुने कापड नाश पावते आणि नवे उत्पन्न होते. हे मत काटेकोर आहे खरे, पण मग दर क्लच प्लेटीमागे नवी गाडी मानावी लागेल. जैन विचार इथे सोपा वाटतो: द्रव्य टिकते, पर्याय बदलतात, उत्पत्ती, नाश आणि टिकाव एकाच वस्तूत एकाच वेळी असतात. मात्र व्हॅनमध्ये टिकणारे ते द्रव्य कोणते, हे दाखवायला गेले की पुन्हा लोखंड आणि रबरच हाती लागते.

नागसेनांचे उत्तर यांहून अधिक कामाचे आहे. मिलिंद राजा आणि नागसेन यांचा संवाद सांगणाऱ्या मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथातील या भिक्खूची ओळख महाराष्ट्राला चांगली आहे. तेव्हाच्या औरंगाबादेतील नागसेनवन आणि मिलिंद महाविद्यालय ही नावे बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच संवादावरून रुजवली. रथातून आलेल्या मिलिंद राजाला नागसेन विचारतात, दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. या सर्वांच्या मेळाला रथ म्हणायचे, हा व्यवहार आहे. आत वेगळे असे रथपण नाही. इतक्यावर थांबले तर वाटेल की गाडीची ओळख हा नुसता शब्दांचा खेळ. पण त्याच ग्रंथात आंबेचोराचा दाखला येतो. चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. राजाला हा बचाव पटत नाही, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच आले. द्रव्य तेच नसले तरी कारणांची साखळी तुटत नाही, आणि जबाबदारी त्या साखळीला धरून चालते.

जुन्या व्हॅनचा प्रश्न या दाखल्याने सुटतो. ‘तीच गाडी’ या म्हणण्याला अर्थ येतो तो तिच्याबद्दल कुणीतरी उत्तरदायी असल्यामुळे. आर.सी. बुकावरचा नंबर ही त्या उत्तरदायित्वाची खूण. इंजिन बदलले तर त्याची नोंद बुकावर होते आणि साखळी पुढे चालते. गाडी विकून पैसे घेतले पण नाव बदलले नाही, आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. ‘ती गाडी आता माझी नाही’ हा बचाव तिथे आंबेचोराच्या बचावासारखाच पडतो.

आता दुरुस्ती कुठवर करावी? गीतेतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत इथे सर्रास लावला जातो, पण तो चुकीच्या जागी लागतो. तिथे वस्त्र टाकणारा देही, म्हणजे आत्मा, वेगळा मानला आहे. व्हॅनच्या आत असा देही नाही, आहेत ती बसलेली माणसे. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचे उदाहरण अधिक नेमके आहे. चिंध्या जोडलेला अंगरखा त्यांनी आयुष्यभर घातला आणि लोकांसाठी धर्मशाळा मात्र पक्क्या बांधल्या. स्वतःपुरते ठिगळ चालते. दुसऱ्याचा जीव ज्यावर अवलंबून आहे, तिथे ठिगळ चालत नाही. म्हणून दाराला तारेचा आकडा, खरचटलेला पेंट, फाटलेले सीट यांत कमीपणा काही नाही. ब्रेकचे घासलेले लायनर आणि सडलेला पत्रा ‘चालते तोवर चालू द्या’ म्हणत वापरणे हा मात्र अधर्म आहे, मग बिल कितीही येवो. ‘आतापर्यंत इतके घातले, आता कशी सोडू’ हा विचार आसक्तीचा. गेलेला पैसा पुढच्या प्रवाशाला वाचवत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. मोटारीसाठी ही फी एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली होती. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. लोक याला भुर्दंड म्हणतात, पण ज्या तपासणीत गाडीखाली खरोखर पाहिले जाते, ती प्रवाशांच्या बाजूची असते. गाडी कायमची मोडीत काढायची तर मालकाने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून बुक जमा करायचे असते. तसे न करता ती नुसती भंगारवाल्याला दिली, तर तिचे इंजिन, दारे, पाटे दहा गाड्यांत वाटले जातात आणि कागदावर ती गाडी जुन्या मालकाच्या नावे तशीच उभी राहते.