उसनं बळ

माझ्या अंगात ताकद किती, हे आजवर मला कुणी आकड्यात विचारलं नव्हतं. दिवाळीला पुण्याहून शहाद्याला आलेल्या भाच्याने ते विचारलं, आणि मी तोंड उघडण्याआधीच आमच्या चिरंजीवांनी परस्पर उत्तर देऊन टाकलं, "आठ!"

झालं होतं असं, की भाच्याने येताना एक खेळ आणला होता. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' त्याचं नाव. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. फासे पिशवीभर, त्यातला एक तर वीस बाजूंचा. शकुनिमामाच्या हाती तो पडता, तर पांडवांची वनवासात न्यायला भांडीही उरली नसती. एकाने सूत्रधार व्हायचं, गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक सोंग घेऊन त्या गोष्टीत शिरायचं आणि राक्षस मारायचे. सोंगाचे सहा गुण कागदावर मांडतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि चारचौघांत पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण यांची खाती निराळी ठेवलेली पाहून, या अमेरिकन मंडळींनी आमचं ऑफिस कधी पाहिलं, असा मला प्रश्न पडला.

हे गुण विकत घ्यायला २७ पॉइंट मिळतात. कुठलाच गुण आठाच्या खाली जात नाही, पंधराच्या वर घेता येत नाही. म्हणजे पगार ठरलेला, कुठे ओढाताण करायची ते तुम्ही बघा! चिरंजीवांचा या विषयाचा अभ्यास दांडगा. (बारावीला यातला निम्मा केला असता तर... पण ते असो.) ते म्हणाले, "बाबा, तुम्ही जादूगार. बळावर एक पॉइंट घालवायचा नाही. पुढे राक्षसी बळाचे हातमोजे मिळाले की झालं!" या जादूच्या मोज्यांचा गुण असा, की मूळचं बळ कितीही कमी असो, हातात चढवले की ते थेट १९ होतं. मग आधी कमवा कशाला?

कन्येला ही हुशारी पटली नाही. तिने २७ मधले तब्बल नऊ पॉइंट खर्चून बळ पंधरावर नेलं. डोंगरी बुटक्यांच्या जमातीचे दोन वाढीव मिळून सतरा झालं. मी लांब कानांच्या एल्फ जमातीतला. कानांचा उल्लेख होताच स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "मग सोंग ते काय घ्यायचंय?"

दुसऱ्या रात्री मी ओळीने चार वेळा मरता मरता वाचलो. भाच्याला मामाची दया आली असावी. पुढच्याच पेटीत मोजे निघाले, आणि तेही नेमके माझ्या मापाचे! नियमाप्रमाणे मी त्या मोज्यांशी तासभर एकचित्त झालो (सोंगात, प्रत्यक्षात दोन चकल्या खाल्ल्या) आणि कन्येच्या योद्धिणीला न हललेली तुळई उचलून बाजूला ठेवली. पोरीने पेन्सिल खाली ठेवली.

"मग मी तालीम कशाला केली?"

चिरंजीव म्हणाले, नियमात आहे. भाचा म्हणाला, मामांनाही मजा यायला हवी ना. दोघांचं खरं होतं, पण पोरीचा प्रश्न तिथेच राहिला. सूत्रधाराचीही पंचाईतच. समर्थाला वस्तू दिली की बाकीचे जांभया देतात. दुबळ्याला दिली की समर्थ विचारतो, मी का घाम गाळला? सगळ्यांनाच द्यावी तर राक्षसांना खुराक वाढवावा लागतो. २०१४ च्या नियमावलीत म्हणे, अशा एकचित्त व्हायच्या वस्तू एकाला तीनच बाळगता येतात. आमच्या खात्यात असा काही नियम नव्हता.

रात्री झोप येईना. रस्त्यावरून अस्तंब्याला निघालेल्या पोरांच्या गाड्या तळोद्याकडे चालल्या होत्या. आमच्या जिल्ह्यातलं ते १,३२५ मीटरचं शिखर. दिवाळीत लोक चढून जातात, कारण अश्वत्थामा अजून तिथे आहे आणि जखमेला तेल मागत हिंडतो, अशी समजूत आहे. आता अश्वत्थाम्याइतकी वस्तूंनी लादलेली व्यक्ती महाभारतात शोधून सापडणार नाही. मणी तर जन्मतःच कपाळावर : भूक नाही, रोग नाही, शस्त्राचं भय नाही. ब्रह्मशिर अस्त्र बापाने अर्जुनाला दिलं म्हणून यानेही हट्टाने मागून घेतलं. मग द्वारकेला जाऊन कृष्णाला म्हणाला, हे घे आणि मला तुझं चक्र दे. कृष्ण म्हणाला, बदल्यात काही नको, घेऊन जा. याने डाव्या हाताने उचललं, हलेना. उजव्याने उचललं, हलेना. लढणार होतास कुणाशी, असं विचारल्यावर म्हणाला, तुझ्याशीच! माझ्या मते, एवढा प्रामाणिक उमेदवार कुठल्याच मुलाखतीला आला नसेल. शेवटी अस्त्र सोडलं, तेव्हा अर्जुनाला आपलं परत घेता आलं, याला नाही. ते परत घेण्याचं बळ वस्तूत नसतं. मणीही गेला.

मुलाखतीवरून आठवलं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीला आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि माझा वर्गमित्र. मार्क त्याचे जास्त, टायपिंगचा वेग जास्त, अक्षर मोत्याचं. माझ्या खिशात मामांनी दिलेली चिठ्ठी होती. मामांना तरी दोष काय द्यायचा? घरात खाणारी तोंडं सात, मिळवता कुणी नाही. बत्तीस वर्षं ते मोजे हातात राहिले. काम मी वाईट केलं नाही, फायली तुंबू दिल्या नाहीत. पण ते बळ माझं की मोज्यांचं, हे कळायला मोजे उतरवून बघावे लागतात, आणि पगार होणाऱ्या हाताचे मोजे कोण उतरवतो! इथे सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता गिऱ्हाईक घोडा बघताना आधी खोगीर काढायला लावतो. मला तसं कुणी सांगितलं नाही. मित्र नंदुरबारला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत राहिला. भेटला की मला 'साहेब' म्हणतो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी खेळाला बसताना मी मोजे कन्येपुढे केले. म्हणजे कागदावरचं नाव खोडून तिचं लिहायला लागलो. तिने माझा हात धरला.

"बाबा, माझे सतराचे एकोणीस होतील. दोनासाठी तुमचे अकरा कशाला घालवायचे? राहू देत तुम्हालाच. फक्त दार फोडायचं असलं की आधी मला हाक मारायची."

पोरीचं गणित बिनचूक होतं. मित्राचं आणि माझं असं गणित त्या वेळी कुणी मांडून पाहिलं नव्हतं.

तासाभराने दार आलं. मी हाक मारली. तिने वीस बाजूंचा फासा फेकला. तीन पडले. सगळे माझ्या हातांकडे बघू लागले.

"पुन्हा टाक," मी म्हणालो.

"मामा, नियमात बसत नाही," भाचा म्हणाला.

"तुझ्या मामाचं सगळं नियमातच बसलेलं आहे रे," मी म्हणालो, आणि फासा तिच्या हातात दिला.