न मारलेली उडी

गोलकीपरची वाहवा होते ती झेपेसाठी. माझी भाची बेळगावात गोलकीपर म्हणून खेळते, ती म्हणते, "मावशी, जागा धरून उभारलं तर उडी लागतच नाही." चेंडू आणि गोलचा मध्य यांच्या रेषेवर राहून दोन पावलं पुढं सरकलं, की ७.३२ मीटरचा गोल मारणाऱ्याला अरुंद होतो. फार पुढं गेलं तर चेंडू डोक्यावरून आत!

पेनल्टीचं वेगळं. इस्रायली अभ्यासकांनी २००७ साली २८६ पेनल्टी तपासून मांडलं, की मधेच थांबणाऱ्याला चेंडू जास्त वेळा अडवता येतो. तरी शंभरात नव्वदाहून जास्त वेळा कीपर डावीउजवीकडं झेपावलेच. थांबला आणि गोल झाला, तर लोक म्हणणार, नुसता बघत राहिला.

हे आपल्याला नवं आहे होय? घरात दुखणं आलं की पाहुणे म्हणतात, "काहीतरी करा की!" मग डॉक्टर बदल, काढा दे, नवस बोल. त्यातलं किती आजाऱ्यासाठी आणि किती लोकांच्या बोलण्याच्या भीतीनं?

थांबण्यात आळसही लपतो, मान्य. पण तयारीतल्या कीपरचे पाय बघा: टाचा किंचित उचललेल्या, गुडघे वाकलेले, नजर चेंडूवर. उशाशी जागणाऱ्या बाईचंही तसंच असतं. पाहुण्यांना ती नुसती बसलेली दिसते.