शांती करणाऱ्यांचे सैन्य

(उपदेशवचन : मत्तय ५:९)



डोंगरावरील प्रवचनात प्रभूने ज्यांस धन्य म्हटले, त्यांत शांती करणारेही आहेत; आणि देवाचे पुत्र ही पदवी त्यांच्याच वाट्यास आली आहे. येथे शब्दाकडे नीट लक्ष द्यावे. प्रभू शांतीची आवड असणाऱ्यांविषयी बोलत नाही, शांती करणाऱ्यांविषयी बोलतो. शांती नको असा मनुष्य विरळा. चोरासही आपल्या घरी शांतताच हवी असते. परंतु भाकरी आवडते म्हणून शेत पिकत नाही. नांगरणी, पेरणी, खुरपणी केली तरच जोंधळ्याला कणसे येतात. शांतीचेही तसेच आहे.

मंठ्याच्या आसपासच्या खेड्यांतले बंधू विचारतील, “लढाया सरकारांच्या, त्याही दूर देशी. आम्ही जालना-जिंतूर रस्त्यावरचे शेतकरी व मजूर. आमच्याने काय होणार?” ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील काही माणसांनी आपल्या आचरणाने दिले आहे.

कोकणातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे ख्रिस्ती नव्हते; तथापि नवा करार त्यांनी आदराने अभ्यासिला व ‘ख्रिस्तधर्म-सार’ या नावाने त्यातील वचने एकत्र केली. दुसरे महायुद्ध चालू असता महात्मा गांधींनी त्यांस पहिला सत्याग्रही निवडले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार गावी ते उभे राहिले आणि ह्या युद्धास माणसे अथवा पैसा देणे योग्य नव्हे, असे त्यांनी उघड सांगितले. चार दिवसांनी त्यांस अटक झाली. त्यांच्यामागून वर्षभरात वीस हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. कोणास ढकलून नेले नव्हते. शिक्षा ठाऊक असूनच प्रत्येकाने आपले नाव दिले होते.

त्याच काळी आपल्या समाजातील पुष्कळ तरुण पलटणीत गेले. हिटलरचा जुलूम शस्त्रावाचून थांबणार नाही, असे देवभीरू माणसांनाही मनापासून वाटत होते. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही इतकेच विचारतो की, शिपाई आपल्या कामासाठी घरदार सोडतो, कवायत करितो, प्राण द्यावयास तयार होतो. मग शांतीसाठी नाव देणाऱ्याने यापेक्षा कमी द्यावे काय?

विनोबांनाही हाच विचार सुचला. १९५७ साली केरळात त्यांनी शांतिसेना उभारिली. पाच हजार वस्तीमागे एक शांतिसैनिक असावा, त्याने एरवी लोकांची सेवा करावी, आणि दंगा उसळेल तेव्हा दोन्ही बाजूंच्या मध्ये जाऊन मार खावा पण मारू नये, अशी त्यांची योजना होती. ज्याने वर्षभर आजाऱ्यांची शुश्रूषा केली, त्याचाच शब्द दंग्याच्या दिवशी कोणी ऐकेल; अनोळख्याचे कोण ऐकतो? ह्या सेनेच्या निर्वाहासाठी घरोघरी एक पात्र ठेवून त्यात लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य टाकावे, असेही त्यांनी सांगितले. मूठ लहान, परंतु ती भरताना मूल रोज शिकते की, शांतीस काही द्यावे लागते.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले. मने तापलेली असतानाच १ मार्च १९६३ रोजी दिल्लीहून एक मैत्रीयात्रा पायी पेकिंगकडे निघाली. तिचे पुढारी आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव हे होते. साठी ओलांडलेला मनुष्य! देशात पुष्कळांनी त्यांस नावे ठेविली. यात्रा आसामपर्यंत गेली. परंतु चीनने आत येऊ दिले नाही. मग हे श्रम व्यर्थ गेले काय? पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी वाटेवर पडले, म्हणून पेरणारा खोटा ठरला नाही.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राज्याच्या अखेरीस रझाकारांनी जुलूम केला; सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपल्यावर सुडाच्या भरात निरपराध मुसलमान कुटुंबेही भरडली गेली. पुढे जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा गावोगाव दलितांची घरे जाळण्यात आली. ज्या वस्त्यांतून आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील मंडळीत आले, तशाच त्या वस्त्या होत्या. ते नाव विद्यापीठास लागावयास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. सारांश, युद्ध दूर देशीच असते असे नाही. ते वेशीच्या आतही असते.

येथे उपदेशकबंधूंस एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य वाटते. ज्याचे घर जळाले त्यास “गप्प राहा, शांती राख” असे सांगणे ही शांती नव्हे. आत पू असता वरून पट्टी बांधणारा वैद्य रोग्याचा वैरी होय; यिर्मया संदेष्ट्याने असल्याच वैद्यांचा निषेध केला आहे. शांती करणाऱ्याने प्रथम खरे बोलावे, अन्याय झाला असेल तर त्यास अन्याय म्हणावे, साक्ष द्यावयास कचेरीत जावे. आणि हे सर्व करिताना अन्याय करणाऱ्याच्या जिवाचेही हित इच्छावे. प्रभूने दोन लोकांमधील भिंत पाडिली, ती स्वतःच्या देहावर घाव घेऊन पाडिली.

म्हणून प्रत्येक मंडळीने ह्या कामी निदान दोन नावे द्यावी. एक पुरुष, एक स्त्री. बांधाचा, पाण्याचा वा जातीचा तंटा उठेल तेथे त्यांनी पहिल्याच दिवशी जावे, दोन्ही घरी बसून ऐकावे. अफवा आली तर ती पुढे न नेता स्वतः जाऊन शहानिशा करावी. परधर्मीय शेजाऱ्याच्या सुखदुःखास एरवीही हजर राहावे. मंडळीने त्यांच्या घरच्या कामास हात लावावा, म्हणजे त्यांची मजुरी बुडणार नाही.

दूर देशीच्या तोफा आपल्या हाती नाहीत. परंतु ज्या गावात सूड थांबविण्याची सवय आहे, त्या गावची मुले मोठी होऊन सहजासहजी कोणाच्या द्वेषास बळी पडणार नाहीत. शांतीचा प्रभू आपणां सर्वांस ह्या सैन्यात नाव देण्याचे धैर्य देवो, आणि नाव दिल्यावर शेवटपर्यंत टिकवो. आमेन.